एक कोअर जागा, बाकीचे झोपलेले: पीएससीआय वापरून प्रोसेसर सुरू कसे करायचे

बोर्डाला वीज मिळते तेव्हा चिपवर चार कोअर असोत की चौसष्ट, तुमच्या कर्नलच्या पहिल्या ओळीवर पोचतो तो एकच. बाकीचे एकतर पूर्ण बंद असतात, नाहीतर फर्मवेअरच्या एखाद्या छोट्या लूपमध्ये डुलक्या काढत असतात. त्यांना उठवायचं काम कर्नलचं, पण विजेचं बटण मात्र फर्मवेअरकडे. ते दाबायला सांगण्याची आर्मवरची ठरलेली भाषा म्हणजे पॉवर स्टेट कोऑर्डिनेशन इंटरफेस, थोडक्यात पीएससीआय.

हा लेख ६४-बिट आर्मवर स्वतःचं लहानसं कर्नल लिहिणाऱ्यांसाठी आहे. नव्या बोर्डावर लिनक्स चढवताना चारपैकी एकच कोअर दिसतोय म्हणून डोकं धरून बसलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. एक्स८६ आणि रिस्क-व्ही यांची गोष्ट शेवटी, थोडक्यात. सोळाच्या पायातले आकडे जिथे येतील तिथे आधी 'हेक्स' लिहिलं आहे.

मध्ये फर्मवेअर कशाला?

कोअरला वीज देणं म्हणजे एखाद्या रजिस्टरमध्ये १ लिहिणं इतकं सोपं नसतं. त्या कोअरचा पॉवर डोमेन चालू करायचा, क्लॉक सोडायचा, क्लस्टरची एल२ कॅश बंद असेल तर आधी तिला उठवायचं, रीसेटनंतर कोअर कुठल्या पत्त्यावर जाईल ते लिहून ठेवायचं आणि मग रीसेट सोडायचा. यातली प्रत्येक गोष्ट चिपगणिक वेगळी. ३२-बिट आर्मच्या काळात लिनक्समध्ये जवळपास प्रत्येक चिपकुळासाठी हे काम करणारा वेगळा कोड होता. ६४-बिट आर्मवर ती सवय मोडली. तिथे कोअर उठवण्याच्या तीनच पद्धती लिनक्स ओळखतं: पीएससीआय, स्पिन-टेबल आणि एसीपीआयवाला (एसीपीआय म्हणजे फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती टेबलांतून देण्याची पद्धत) पार्किंग प्रोटोकॉल. नव्या बोर्डांवर बहुतेक वेळा पहिलीच भेटते.

आर्ममध्ये अधिकाराच्या चार पातळ्या आहेत. ईएल० वर अ‍ॅप्स, ईएल१ वर कर्नल, ईएल२ वर हायपरवायझर आणि ईएल३ वर सुरक्षित फर्मवेअर. पीएससीआय ऐकणारं फर्मवेअर ईएल३ वर कायम मुक्कामाला असतं. बहुतेक बोर्डांवर ते ट्रस्टेड फर्मवेअर-ए मधलं बीएल३१ असतं. बूटलोडर आपलं काम करून निघून जातो, हे मात्र जात नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये हीच भूमिका हायपरवायझर वठवतो.

तयारी

बोर्डावर हात घालण्याआधी क्यूएमयूवर, म्हणजे आख्खा बोर्ड सॉफ्टवेअरमध्ये उभा करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवून बघा. मशीन 'व्हर्ट', सीपीयू 'कॉर्टेक्स-ए७२' आणि 'एसएमपी ४' एवढं दिलं की पुरे. सीपीयू द्यायला विसरू नका. 'व्हर्ट' मशीनचा मुळातला सीपीयू ३२-बिट कॉर्टेक्स-ए१५ आहे आणि तुमची ६४-बिट इमेज त्यावर चालायची नाही. या मशीनमध्ये रॅम हेक्स ४००००००० पासून सुरू होते आणि पीएल०११ यूएआरटी (सीरियल पोर्ट) हेक्स ०९०००००० वर बसलेला असतो. त्या यूएआरटीवर एक अक्षर छापता येत असेल तरच पुढे या. दुसरा कोअर जागा झाला की नाही हे सांगायला सुरुवातीला तेवढंच साधन हाताशी असतं.

क्यूएमयूला '-एस' च्या मोठ्या आणि छोट्या दोन्ही अक्षरांचे पर्याय दिले तर तो जीडीबी या डीबगरची वाट बघत थांबतो. जीडीबीमध्ये 'इन्फो थ्रेड्स' म्हटलं की प्रत्येक कोअर वेगळा थ्रेड म्हणून दिसतो. पुढे तासन्‌तास वाचवणारी सोय आहे ही.

पायरी १: दार कुठलं, एसएमसी की एचव्हीसी?

फर्मवेअरला हाक मारायच्या सूचना दोन. एसएमसी थेट ईएल३ कडे नेते, एचव्हीसी ईएल२ कडे. कुठली वापरायची हा अंदाजाचा विषय नाही, ते डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरची कर्नलला दिलेली यादी, सांगतो. त्यात 'पीएससीआय' नावाचा नोड शोधा. त्याच्या 'मेथड' मध्ये 'एसएमसी' किंवा 'एचव्हीसी' लिहिलेलं असतं आणि 'कंपॅटिबल' मध्ये 'आर्म,पीएससीआय-१.०' किंवा 'आर्म,पीएससीआय-०.२' अशी नोंद असते. शिवाय प्रत्येक सीपीयू नोडमध्ये 'एनेबल-मेथड' म्हणून 'पीएससीआय' हवं. एसीपीआय असलेल्या सर्व्हरवर हीच माहिती एफएडीटी टेबलातल्या आर्म बूट फ्लॅग्जमध्ये मिळते: ० क्रमांकाचा बिट म्हणजे पीएससीआय आहे, १ क्रमांकाचा बिट म्हणजे एचव्हीसी वापरा.

क्यूएमयूच्या 'व्हर्ट' मशीनवर काही खास पर्याय न देता चालवलं तर कर्नल ईएल१ वर सुरू होतं आणि दार असतं एचव्हीसी. 'व्हर्च्युअलायझेशन' चालू केलं की कर्नल ईएल२ वर सुरू होतं आणि दार एसएमसी होतं. नवशिके नेमके इथे फसतात. एक पर्याय बदलला आणि काल चालणारा कोड आज अडकला, असं त्यामुळेच होतं. 'डंपडीटीबी' हा मशीन पर्याय वापरून क्यूएमयूने बनवलेला डिव्हाइस ट्री फाइलीत उतरवा, डीटीसी या डिव्हाइस ट्री कंपायलरने वाचण्याजोगा करा आणि एकदा डोळ्यांनी बघा.

दार चुकलं तर काय दिसतं? ईएल३ च नसलेल्या मशीनवर ईएल१ मधून एसएमसी केली तर ती सूचनाच अवैध ठरते. एक्सेप्शन येतो आणि ईएसआर रजिस्टरमधला कारणाचा भाग ० असतो. तुमचं कर्नल ईएल२ वर असेल आणि त्याने एचव्हीसी केली, तर ती तुमच्याच ईएल२ च्या व्हेक्टर टेबलात येऊन आदळते. म्हणजे आपणच आपल्याला फोन लावला आणि लाइन व्यस्त.

पायरी २: आधी आवृत्ती विचारा

पहिला कॉल नेहमी 'पीएससीआय_व्हर्जन' चा करा. तो काही बदलत नाही, म्हणून दार बरोबर आहे का हे तपासायला याच्यासारखा निरुपद्रवी कॉल दुसरा नाही. एक्स० रजिस्टरमध्ये हेक्स ८४०००००० ठेवा, एसएमसी किंवा एचव्हीसी करा, उत्तर एक्स० मध्येच येईल. वरचे १६ बिट मोठी आवृत्ती, खालचे १६ बिट छोटी. हेक्स १०००१ आलं तर आवृत्ती १.१, नुसता २ आला तर ०.२. उणे १ आलं तर पलीकडे कुणीतरी आहे, पण त्याला पीएससीआय कळत नाही.

हा ८४०००००० आकडा पाठ करण्यापेक्षा उकलून बघा. ३१वा बिट १ म्हणजे हा झटपट कॉल, मध्येच न थांबता पुरा होणारा. ३०वा बिट ० असेल तर मापं (कॉलसोबत दिलेली मूल्यं) ३२-बिट, १ असेल तर ६४-बिट. २९ ते २४ या बिटांमध्ये मालक, आणि ४ हा मालक म्हणजे प्रमाणित सुरक्षित सेवा. खालचे १६ बिट म्हणजे कामाचा क्रमांक. कोअर सुरू करायचा क्रमांक ३. म्हणून 'सीपीयू_ऑन' चा ३२-बिट अवतार हेक्स ८४०००००३ आणि ६४-बिट अवतार हेक्स सी४०००००३. दोन्हींत फरक त्या एका ३०व्या बिटाचा.

६४-बिट कर्नलमधून सी४ वालाच वापरा. ८४ वाला लहान बोर्डावर चालून जातो आणि म्हणूनच तो धोकादायक. त्यात पत्त्याचे खालचे ३२ बिटच विचारात घेतले जातात. कर्नल ४ जीबीच्या वर लोड झालं की वरचा भाग छाटला जातो आणि कोअर भलत्याच ठिकाणी उतरतो.

सी भाषेत इनलाइन असेंब्ली लिहीत असाल तर कंपायलरला सांगा की या कॉलमध्ये एक्स० ते एक्स१७ बदलू शकतात. जुन्या कॉलिंग नियमांनुसार फर्मवेअरला तशी मुभा आहे, १.१ पासूनच्या नियमांत एक्स४ पासूनची रजिस्टरं जपली जातात. हे सांगायचं राहिलं तर ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं सुरळीत आणि चालू केलं की कुठलातरी दुसराच चल बिघडलेला, असा छळवाद सुरू होतो.

पायरी ३: उठवायचं कुणाला?

कोअरचा पत्ता म्हणजे ०, १, २, ३ असा अनुक्रमांक नव्हे. तो असतो एमपीआयडीआर रजिस्टरमधल्या अ‍ॅफिनिटीच्या चार भागांत. अ‍ॅफ० बिट ० ते ७ मध्ये, अ‍ॅफ१ बिट ८ ते १५ मध्ये, अ‍ॅफ२ बिट १६ ते २३ मध्ये आणि अ‍ॅफ३ थेट ३२ ते ३९ मध्ये. मधले २४ ते ३१ हे बिट दुसऱ्याच कामाचे आहेत. ३१वा तर कायम १ असतो. त्यामुळे साध्या कोअर-० वर एमपीआयडीआर वाचला तर ० च्या जागी हेक्स ८००००००० मिळतो. तो तसाच 'सीपीयू_ऑन' ला दिलात तर उणे २, म्हणजे अवैध माप, असं उत्तर मिळेल. २४ ते ३१ हे बिट आधी शून्य करा.

क्रमांक आणि पत्ता यांतली गल्लत खऱ्या चिपवर लगेच उघडी पडते. आरके३३९९ मध्ये चार कॉर्टेक्स-ए५३ चे पत्ते हेक्स ० ते ३ आहेत आणि दोन कॉर्टेक्स-ए७२ चे हेक्स १०० आणि १०१. पाचव्या कोअरसाठी ४ दिलंत तर तसा कोअरच नाही. आरके३५८८ सारख्या नव्या चिपमध्ये अ‍ॅफ० थ्रेडसाठी राखलेला असतो, म्हणून आठ कोअरचे पत्ते हेक्स ०, १००, २०० असे करत ७०० पर्यंत जातात. क्यूएमयूवर चार कोअरना ०, १, २, ३ हेच पत्ते मिळतात. तिथे शिकलेला माणूस बोर्डावर ठेचकाळतो तो यामुळेच.

उपाय सरळ आहे. पत्ते कोडात ठोकून बसवू नका, डिव्हाइस ट्रीतल्या प्रत्येक सीपीयू नोडच्या 'रेग' मधून घ्या, किंवा एसीपीआय असेल तर एमएडीटी टेबलातल्या जीआयसीसी नोंदींमधून. स्वतःचा एमपीआयडीआर वाचून त्या यादीतून आधीच जागा असलेला कोअर वगळा. तो नेहमी यादीत पहिलाच असेल असं धरून चालू नका.

पायरी ४: उतरायची जागा नीट करा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या या पायरीवर, त्यामुळे इथे सावकाश.

नवा कोअर तुमच्या कोडात येतो तेव्हा त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नसतं. एमएमयू (व्हर्च्युअल पत्त्यांचे भौतिक पत्ते करणारा भाग) बंद, डेटा कॅश बंद, इंटरप्ट मास्क केलेले, स्टॅक नाही. आहे ते एवढंच: एक पत्ता जिथून धावायचं, आणि एक्स० मध्ये एक आकडा, जो तुम्हीच कॉल करताना 'कॉन्टेक्स्ट आयडी' म्हणून दिलेला असतो. लिनक्स तिथे नुसता ० देतं. तुम्ही त्या जागेचा चांगला उपयोग करून घ्या: प्रत्येक कोअरसाठी एक छोटी नोंद ठेवा, तिच्यात स्टॅकचा वरचा पत्ता, कोअरचा तुमचा क्रमांक आणि पुढे जायच्या फंक्शनचा पत्ता लिहा, आणि त्या नोंदीचा भौतिक पत्ता कॉन्टेक्स्ट म्हणून द्या. सगळ्या कोअरना एकच जागतिक चल वाचायला लावलात तर दोन कोअर एकाच स्टॅकवर उतरण्याचा दिवस फार लांब नाही.

'भौतिक पत्ता' हा शब्द पुन्हा वाचा. उठणाऱ्या कोअरचा एमएमयू बंद आहे, त्याला तुमचे व्हर्च्युअल पत्ते कळणार नाहीत. प्रवेशाचा पत्ताही भौतिकच द्यायचा. स्टॅक प्रत्येकाला वेगळा. १६ केबी द्या आणि वरचं टोक १६ बाइटच्या पटीत ठेवा.

आता कॅश. जागा असलेला कोअर कॅश चालू ठेवून ती नोंद लिहितो. लिहिलेलं त्याच्या कॅशमध्येच राहू शकतं, रॅमपर्यंत पोचलेलं नसतं. नवा कोअर कॅश बंद ठेवून थेट रॅम वाचतो आणि त्याला जुना कचरा दिसतो. म्हणून नोंद लिहून झाली की तिच्या प्रत्येक कॅश लाइनवर 'डीसी सीव्हीएसी' किंवा 'डीसी सीआयव्हीएसी' चालवा, शेवटी 'डीएसबी एसवाय' करा आणि मगच फर्मवेअरला हाक मारा. लाइनची लांबी बहुधा ६४ बाइट असते, पण ती सीटीआर_ईएल० मधून वाचून घ्यावी.

याची उलट बाजूही आहे. नवा कोअर एमएमयू बंद असतानाच 'मी इथवर आलो' अशी खूण रॅममध्ये लिहीत असेल आणि त्याच कॅश लाइनमध्ये जुन्या कोअरने दुसरं काही लिहून ठेवलं असेल, तर ती लाइन पुढे कधीतरी रॅममध्ये उतरते आणि खूण पुसून टाकते. अशा खुणांना स्वतंत्र जागा हवी. लिनक्सने त्यासाठी २ केबीच्या सीमेवर वेगळा विभागच काढला आहे. अतिरेक वाटेल, पण कॅशमधून एका वेळी रॅममध्ये उतरू शकणाऱ्या तुकड्याची कमाल मर्यादा आर्मने तेवढी ठेवली आहे.

क्यूएमयू कॅशचं अनुकरण करत नाही. वरचे दोन्ही परिच्छेद तुम्ही साफ विसरलात तरी क्यूएमयूवर चारही कोअर हसतखेळत उठतील. बोर्डावर मात्र दुसरा कोअर मुका राहील, आणि तेही दर वेळी नाही, दहातून तीनदा.

पायरी ५: हाक मारा

एक्स० मध्ये हेक्स सी४०००००३, एक्स१ मध्ये लक्ष्य कोअरचा पत्ता, एक्स२ मध्ये प्रवेशाचा भौतिक पत्ता, एक्स३ मध्ये कॉन्टेक्स्ट. मग एसएमसी किंवा एचव्हीसी. परत आल्यावर एक्स० मधला आकडा चिन्हासकट वाचा.

० म्हणजे यश. उणे २ म्हणजे कोअरचा पत्ता चुकला. उणे ३ म्हणजे नकार. उणे ४ म्हणजे तो कोअर आधीच चालू आहे. बहुधा तुम्ही स्वतःलाच उठवायला निघाला आहात. उणे ५ म्हणजे आधीची विनंती अजून पुरी व्हायची आहे. उणे ६ म्हणजे फर्मवेअरच्या आतला बिघाड, बऱ्याचदा पॉवर कंट्रोलरने दाद न दिल्यामुळे. उणे ९ म्हणजे प्रवेशाचा पत्ता फर्मवेअरला पटला नाही, उदाहरणार्थ तो सुरक्षित मेमरीत पडतोय. उणे १ आलं तर कामाचा क्रमांक तपासा.

आणि ० आला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. या ० चा अर्थ 'विनंती घेतली' इतकाच. पलीकडे फर्मवेअर त्या कोअरची अवस्था 'ऑन पेंडिंग' करतं, तुम्ही दिलेला पत्ता आणि कॉन्टेक्स्ट जपून ठेवतं, पॉवर कंट्रोलरला सांगतं आणि तुमच्याकडे परत येतं. नवा कोअर त्यानंतर रीसेटमधून निघून आधी फर्मवेअरच्याच कोडात येतो, तिथली स्वतःची मांडामांड करतो आणि शेवटी 'ईरेट' (खालच्या पातळीवर परतायची सूचना) करून तुमच्या दारात उतरतो. तो खरंच उतरला की नाही, हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाही.

पायरी ६: नव्या कोअरची पहिली पावलं

हा भाग असेंब्लीत लिहा. स्टॅक लागेपर्यंत सीचं फंक्शन बोलावू नका.

सगळ्यात आधी 'करंटईएल' वाचून पातळी बघा; ती बिट २ आणि ३ मध्ये असते. पहिल्या कोअरने सुरुवातीला ईएल२ वरून ईएल१ वर उडी मारली असेल, तरी नवा कोअर पुन्हा ईएल२ वरच येतो. मिळू शकेल ती सर्वांत वरची असुरक्षित पातळी त्याला देतात. त्यामुळे ती उडी प्रत्येक कोअरला मारावी लागते: एचसीआर_ईएल२ मधला ३१वा बिट १ करायचा, टायमर वापरायची परवानगी द्यायची, एसपीएसआर_ईएल२ मध्ये हेक्स ३सी५, ईएलआर_ईएल२ मध्ये पुढचा पत्ता आणि 'ईरेट'. काही कोअर ईएल२ वर आणि काही ईएल१ वर सुरू झाले तर लिनक्स 'सीपीयूज स्टार्टेड इन इनकन्सिस्टंट मोड्स' अशी तक्रार करतं. ती दिसली तर चूक फर्मवेअरमध्ये शोधा.

मग एक्स० मधल्या नोंदीतून स्टॅक उचला. लगेच व्हीबीएआर_ईएल१ मध्ये व्हेक्टर टेबलाचा पत्ता टाका, म्हणजे पुढे काही फुटलं तर निदान आवाज तरी येईल. सीपीएसीआर_ईएल१ मधले २० आणि २१ बिट १ करा. फ्लोटिंग पॉइंट वापरत नसाल तरी हे करा, कारण कंपायलर साध्या मेमरी नकलेसाठीही सिम्ड रजिस्टरं वापरतो आणि परवानगी नसेल तर ईएसआरमध्ये कारण ७ घेऊन एक्सेप्शन येतो. नाहीतर 'जनरल-रेग्ज-ओन्ली' पर्यायाने कर्नल कंपाइल करा.

आता एमएमयू. एमएआयआर, टीसीआर आणि टीटीबीआर पहिल्या कोअरसारखेच भरा, टीएलबी रिकामी करा, 'डीएसबी' आणि 'आयएसबी' करा, मग एससीटीएलआर मधला एम बिट चालू करा आणि पुन्हा 'आयएसबी'. ज्या पानावर हा कोड आहे ते पान त्याच भौतिक पत्त्यावर मॅप केलेलं हवं. ते नसेल तर एमएमयू चालू होताच पुढची सूचनाच सापडत नाही आणि कोअर एक्सेप्शनच्या फेऱ्यात गरगरत राहतो.

एमएमयू चालू होण्याआधी स्पिनलॉक घेऊ नका. तोवर सगळी मेमरी 'डिव्हाइस' प्रकारची धरली जाते. तिच्यावर 'एलडीएक्सआर' आणि 'एसटीएक्सआर' ची जोडी चालेल याची हमी नाही, आणि न जुळलेल्या पत्त्यावरून वाचलं तर अलाइनमेंट फॉल्ट येतो. छपाईच्या फंक्शनमध्ये लॉक लपलेला असतो हे विसरून अनेक जण इथेच अडकतात. या टप्प्यावर छापायचंच असेल तर यूएआरटीच्या रजिस्टरमध्ये थेट एक अक्षर टाका.

इंटरप्टची जोडणीही प्रत्येक कोअरची आपापली असते. जीआयसीव्ही३ (आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर) असेल तर आपल्या रीडिस्ट्रिब्युटरच्या 'वेकर' रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट शून्य करा आणि २ क्रमांकाचा बिट शून्य होईपर्यंत थांबा. नंतर आयसीसी_एसआरई, आयसीसी_पीएमआरमध्ये हेक्स एफएफ आणि आयसीसी_आयजीआरपीईएन१ मध्ये १. व्हर्च्युअल टायमरचा इंटरप्ट २७, ईएल१ च्या भौतिक टायमरचा ३०. तेही कोअरगणिक चालू करावे लागतात. सीएनटीएफआरक्यू_ईएल० एकदा वाचून बघा. एखाद्या कोअरवर तो ० निघाला तर फर्मवेअरने त्या कोअरवर टायमरची फ्रिक्वेन्सी भरलेली नाही. ते रजिस्टर ईएल३ वरूनच लिहिता येतं, तुम्ही ईएल१ वर कितीही आपटलंत तरी उपयोग नाही.

पायरी ७: हजेरी घ्या

नवा कोअर तयार झाला की त्याने आपल्या नोंदीत 'हजर' लिहावं आणि पहिल्या कोअरने त्याची मर्यादित वेळ वाट बघावी. लिनक्स ५ सेकंद थांबतं आणि मग 'फेल्ड टू कम ऑनलाइन' छापून पुढे जातं. कोअर एकामागून एक उठवा. पहिला हजर झाल्याशिवाय दुसऱ्याला हाक नको. सगळे एकदम उठवण्याची हौस नंतर भागवा.

लिनक्समध्ये नीट उठलेल्या कोअरची ओळ 'बूटेड सेकंडरी प्रोसेसर' अशी येते आणि तिच्या शेवटी कंसात एक आकडा असतो, समजा ४१०एफडी०३४. तो वाचता येतो. ४१ म्हणजे आर्म कंपनी, डी०३ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३, पहिल्या ० आणि शेवटच्या ४ वरून कळतं की आवृत्ती आर०पी४. मोठा कोअर उठायला हवा होता आणि इथे डी०३ दिसलं, तर पत्त्यांचा घोळ आहे.

हजेरी लागली नाही तर 'अ‍ॅफिनिटी_इन्फो' विचारा, क्रमांक हेक्स सी४०००००४. एक्स१ मध्ये कोअरचा पत्ता, एक्स२ मध्ये ०. उत्तर ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद, २ म्हणजे उठण्याच्या वाटेवर. यावरून दोष कुणाकडे ते बऱ्यापैकी उलगडतं. २ वरच अडकलं असेल तर कोअर फर्मवेअरमधून बाहेरच पडलेला नाही. पॉवर, क्लॉक किंवा फर्मवेअर बघा. ० असेल तर तो तुमच्या कोडात उतरून कुठेतरी मेला आहे. पायरी ४ आणि ६ पुन्हा बघा. प्रवेशाच्या अगदी पहिल्या सूचनांमध्ये यूएआरटीवर एक अक्षर टाकून पाहा, मग ते दोन-चार ओळी पुढे सरकवत न्या. ओबडधोबड वाटेल, पण याहून भरवशाची युक्ती नाही.

लिनक्सच्या लॉगमध्ये कोअरचा उल्लेखच नसेल तर पीएससीआयला दोष देण्याआधी बूट ओळीत 'मॅक्ससीपीयूज' राहून गेलंय का आणि डिव्हाइस ट्रीतला सीपीयू नोड 'डिसेबल्ड' आहे का ते बघा.

परत झोपवणं

कोअर बंद करायचा कॉल 'सीपीयू_ऑफ', हेक्स ८४०००००२. तो दुसऱ्यासाठी करता येत नाही. ज्याला झोपायचंय त्यानेच करायचा. आधी आपले इंटरप्ट दुसऱ्या कोअरकडे वळवायचे, टायमर बंद करायचा, मग कॉल. यशस्वी झाला तर तो परतच येत नाही. परत आला तर उत्तर उणे ३, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण म्हणजे सुरक्षित बाजूची एखादी ओएस त्याच कोअरवर मुक्काम ठोकून आहे. दुसऱ्या कोअरने 'अ‍ॅफिनिटी_इन्फो' विचारत राहून १ येईपर्यंत थांबावं, आणि तोवर त्याचा स्टॅक मोकळा करू नये.

लिनक्सवर हे सगळं सिसएफएसमधल्या सीपीयूच्या 'ऑनलाइन' फाइलीत ० किंवा १ लिहून घडवता येतं. नव्या बोर्डावर प्रत्येक कोअर हजार वेळा बंद-चालू करणारी छोटी स्क्रिप्ट रात्रभर सोडून द्या. पहिल्या बूटला न दिसणाऱ्या कॅशच्या आणि पॉवर कंट्रोलरच्या चुका सकाळी लॉगमध्ये हजर असतात.

पीएससीआय नसेल तर

काही बोर्डांवर ईएल३ वर राहणारं फर्मवेअरच नसतं. रास्पबेरी पाय ३ मुळातल्या फर्मवेअरवर स्पिन-टेबल वापरतो. तिथे कोअर १, २ आणि ३ एका लूपमध्ये अनुक्रमे हेक्स ई०, ई८ आणि एफ० या पत्त्यांकडे डोळे लावून बसलेले असतात. तिथे प्रवेशाचा पत्ता लिहा, कॅश साफ करा, 'डीएसबी' आणि मग 'एसईव्ही' करा. कोअर धावू लागतो. परत झोपवायची सोय मात्र यात नाही.

एक्स८६ वर कोअरची यादी एसीपीआयच्या एमएडीटी टेबलातून मिळते, पण उठवण्याचं काम कर्नल स्वतः लोकल एपिकमधून (कोअरच्या आपल्या इंटरप्ट कंट्रोलरमधून) करतं. आधी 'इनिट' इंटरप्ट, १० मिलिसेकंद थांबायचं, मग 'स्टार्टअप' इंटरप्ट, २०० मायक्रोसेकंदांनी तोच पुन्हा एकदा. स्टार्टअपसोबत ८ बिटांचा एक आकडा जातो; त्याला ४०९६ ने गुणलं की सुरुवातीचा पत्ता. म्हणून तो कोड पहिल्या १ एमबीतच, पानाच्या सीमेवर ठेवावा लागतो आणि कोअर १६-बिट रिअल मोडमध्ये उठतो. एमएडीटीमध्ये १६ क्रमांकाची नोंद असेल तर तिथे फर्मवेअरने मेलबॉक्स दिलेला असतो. त्यात एपिक आयडी आणि पत्ता लिहून हुकूम सोडायचा.

रिस्क-व्हीवर कोअरला हार्ट म्हणतात आणि एसबीआयचा (तिथल्या कर्नल आणि फर्मवेअरमधल्या ठरलेल्या भाषेचा) एचएसएम भाग पीएससीआयची जागा घेतो. ए७ मध्ये हेक्स ४८५३४डी, ए६ मध्ये ०, ए० ते ए२ मध्ये हार्टचा क्रमांक, भौतिक पत्ता आणि तुमचा कॉन्टेक्स्ट, मग 'ईकॉल'. तो ४८५३४डी म्हणजे एच, एस, एम या तीन अक्षरांचे अ‍ॅस्की आकडे. नवा हार्ट एमएमयू बंद ठेवून सुपरवायझर मोडमध्ये येतो. ए० मध्ये स्वतःचा क्रमांक, ए१ मध्ये तुमचा कॉन्टेक्स्ट. आर्मवरून इकडे येणाऱ्यांनी उणे आकड्यांची यादी नव्याने बघून घ्यावी: इथे अवैध माप उणे ३ आहे आणि 'आधीच चालू' उणे ६. ओपनएसबीआय या फर्मवेअरमध्ये पहिला मान कुठल्या हार्टला मिळेल हे शर्यतीवर ठरू शकतं, म्हणून आज ० वर सुरू झालेलं कर्नल उद्या २ वर सुरू झालं तर दचकू नका. कर्नलच्या पहिल्या सूचनेवर असताना ए० मध्ये जो क्रमांक दिसेल तोच खरा.